हॅरी पॉटरमधील मृत्यू आणि दहा वर्षांची वाचक

इंदिरानगर येथील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने दिवाळीच्या सुटीत हॅरी पॉटर या जादूच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मालिकेचे सातपैकी पहिले चार भाग एकापाठोपाठ एक वाचून काढले. चौथा भाग संपल्यापासून ती दिवा लावून झोपते आणि रात्री मध्येच उठून ‘बाबा, तुम्ही मरणार नाही ना?’ असे विचारते. जादूटोण्याची पुस्तके घरात नकोत, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. आईने स्वतः पुस्तके वाचलेली नाहीत, दोन चित्रपट तेवढे पाहिले आहेत. या मालिकेत मुळात आहे तरी काय, तिच्यातील कोणत्या पात्रांविषयी मुलीशी बोलावे आणि पाचवा भाग तिच्या हाती द्यावा की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी नाशिकमध्ये 22 वर्षे शालेय ग्रंथपाल म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडवरील घरी दर शनिवारी मुलांचा वाचनवर्ग घेते. ही मालिका मी मुलांबरोबर इतक्या वेळा वाचली आहे की कोणत्या पानावर कोणते मूल गप्प होते, हे मला आता बहुतेक वेळा आधीच कळते. त्या अनुभवावरून प्रथम सरळ उत्तर देते. वाचून झालेली चार पुस्तके काढून घेऊ नका. पाचवे पुस्तक मात्र निदान वर्षभर देऊ नका. आणि चौथ्या पुस्तकाची शेवटची काही प्रकरणे आपण स्वतः वाचा. या तीन गोष्टी का सांगते, ते सविस्तर मांडते.

सासूबाईंच्या आक्षेपाविषयी फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. वेताळ, चेटकीण, मायावी राक्षस आणि रूप पालटणारे ऋषी यांच्या गोष्टी ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या आहेत, आणि पंचवटीच्या गावात राहणाऱ्या माणसाला सुंदर स्त्रीचे रूप घेणारी शूर्पणखा किंवा सोनेरी हरिण झालेला मारीच परका नाही. या मालिकेतील जादू त्याच जातीची, गोष्टीतली जादू आहे. सासूबाईंना एखादे प्रकरण वाचून दाखवावे. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या आज्यांपैकी तिघींनी नंतर स्वतः पुढचे पुस्तक मागून नेले.

आता मूळ विषयाकडे येते. मराठी अनुवादात पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. नाव सुरेख आहे, परंतु परीस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडाचे सोने करणारा दगड येतो. पुस्तकातील दगड त्याखेरीज आणखी एक काम करतो : त्याच्यापासून असे पेय बनते की ते पीत राहणारा मरत नाही. म्हणजे तो दगड अर्धा परीस आणि अर्धा अमृतकुंभ आहे, आणि कथेचा खलनायक सोन्यासाठी आलेला नसून अमृतासाठी आलेला आहे. हा दगड बनवणारा निकोलस फ्लामेल या नावाचा माणूस पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेला आणि 1418 साली वारला. पुस्तकातील फ्लामेल मात्र साडेसहाशेहून अधिक वर्षे जगलेला आहे, आणि पहिल्या भागाच्या शेवटी तो व त्याची पत्नी आपण होऊन तो दगड नष्ट होऊ देतात व मृत्यू पत्करतात. लहान मुले हा भाग घाईने ओलांडतात, कारण त्यांचे लक्ष शाळेचा चषक कोणाला मिळतो याकडे लागलेले असते. वास्तविक पुढच्या सहा भागांचे बीज तेथेच पेरलेले आहे.

नाशिकच्या मुलांना हे समजावणे मला कधीच अवघड गेले नाही, कारण सिंहस्थ त्यांच्या गावात भरतो. समुद्रमंथनातून निघालेल्या कुंभातील अमृताचे थेंब जेथे पडले, त्या चार ठिकाणांत आपले नाशिक-त्र्यंबकेश्वर आहे, ही कथा त्यांनी घरीच ऐकलेली असते. मी त्यांना त्या कथेतला पुढचा भाग विचारते : देवांच्या पंगतीत वेष पालटून बसलेल्या असुराचे काय झाले? सूर्य-चंद्रांनी त्याला ओळखले, विष्णूच्या चक्राने त्याचे मस्तक उडाले, पण अमृत तोवर घशापर्यंत पोहोचले होते, म्हणून तो मेला नाही. तो राहूचे मस्तक आणि केतूचे धड असा तुटलेला उरला. एवढे सांगितले की एखादे मूल ओरडतेच, कारण पहिल्या भागाच्या शेवटी खलनायक व्होल्डेमॉर्ट नेमका तसाच भेटतो : स्वतःचे शरीर नाही, दुसऱ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला उरलेला नुसता चेहरा. न मरण्याच्या हव्यासापायी त्याने आपल्या आत्म्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या वस्तूंत लपवले आहेत, आणि प्रत्येक तुकडा करण्यासाठी एका माणसाचा खून करावा लागला आहे. ही माहिती सहाव्या भागात उघड होते. आपण आई आहात म्हणून सांगते, मुलीला ती तिची तिलाच सापडू द्या. मात्र मालिकेचा प्रमुख आशय यातून आपल्या ध्यानात येईल. मरणाला भिणे स्वाभाविक आहे, पण त्या भीतीपोटी माणूस दुसऱ्याच्या जिवाची किंमत मोजायला तयार झाला की तो माणूस म्हणून शिल्लक राहत नाही, हे ही मालिका सात भागांत सांगत राहते.

हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट ही दोन पात्रे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे पुरते कळत नाही. दोघेही अनाथ आहेत. हॅरी सव्वा वर्षाचा असताना, 31 ऑक्टोबर 1981 च्या रात्री व्होल्डेमॉर्टच्या हातून त्याचे आईवडील मारले जातात. त्या वेळी ते दोघेही अवघे 21 वर्षांचे आहेत. व्होल्डेमॉर्टचे खरे नाव टॉम रिडल, जन्म 1926 च्या अखेरच्या दिवशी लंडनच्या एका अनाथालयात, आणि आई बाळंतपणानंतर तासाभरात गेलेली. अकराव्या वर्षी दोघांनाही आपल्यात जादू आहे हे कळते, आणि दोघांच्याही मनात पहिल्याने आई येते. टॉम म्हणतो की माझी आई जादूगार असणे शक्य नाही, नाही तर ती मेली नसती. मरणे हा त्याच्या दृष्टीने कमीपणा आहे, दुबळ्यांच्या वाट्याला येणारी नामुष्की आहे. हॅरीला शाळेत एक आरसा सापडतो, ज्यात पाहणाऱ्याला मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. त्याला त्यात आईवडील दिसतात, मागे आजी-आजोबा आणि सारे कूळ उभे असलेले दिसते, आणि तो रात्रीमागून रात्री थंडीत त्या आरशासमोर जाऊन बसतो. एकाने आईला मनातून काढून टाकले, दुसऱ्याने तिला धरून ठेवले, आणि दोघांच्या आयुष्याच्या वाटा तेथून फुटल्या.

त्या आरशासमोर मुख्याध्यापक डम्बलडोर हॅरीशी जे बोलतात, ते पालकांनी अवश्य वाचावे. ते रागावत नाहीत, ‘विसर आता’ असे म्हणत नाहीत. ते आधी त्याच्या शेजारी जमिनीवर बसतात. या आरशापुढे बसून माणसे झिजून गेली आहेत, स्वप्नात रमताना जगायचे राहून जाऊ नये, एवढेच सांगतात आणि आरसा हलवणार असल्याचे कळवतात. लेखिका जे. के. रोलिंग यांनी ही मालिका लिहायला घेतली त्याच वर्षी, 1990 च्या डिसेंबरात, त्यांची आई गेली. आपण असे काही लिहीत आहोत हे आईला कळलेच नाही, ही खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली आहे. ते प्रकरण वाचताना ही गोष्ट जाणवते. ते दुःख कल्पनेने रंगवलेले नाही.

आपल्या मुलीच्या झोपेचा प्रश्न येथेच येतो. पहिला भाग 1997 मध्ये आला आणि सातवा 2007 मध्ये. ज्या मुलाने पहिला भाग अकराव्या वर्षी वाचला, त्याच्या हातात शेवटचा भाग पडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा झाला होता. चौथ्या भागानंतर पाचव्यासाठी तर वाचकांना 2000 ते 2003 अशी तीन वर्षे थांबावे लागले. पुस्तकातील हॅरी दर भागात एक वर्षाने मोठा होतो आणि पुस्तकही त्याच्याबरोबर जड, लांब आणि काळोखे होत जाते. लिखाणच तशा रीतीने केलेले आहे. आज सातही भाग कपाटात तयार असतात आणि वेगाने वाचणारे मूल एका सुटीत अकराव्या वर्षातून चौदाव्यात ढकलले जाते. आपल्या मुलीचे तेच झाले आहे. पहिल्या तीन भागांत मृत्यू आहे, परंतु तो बहुतेक पूर्वी घडून गेलेला किंवा नुसता ऐकलेला आहे. चौथ्या भागात सेड्रिक डिगरी हा सतरा वर्षांचा, सरळ, देखणा, सर्वांचा आवडता मुलगा स्मशानात एका क्षणात मारला जातो. त्याने काही चूक केलेली नाही. त्याला मारण्याचे कारण एवढेच की तो तेथे नको होता. दहा वर्षांच्या वाचकाने दिवा लावून झोपावे, हे योग्यच आहे. तिने ते पान नीट वाचले, याची ती खूण आहे. मुलीला भित्री समजू नका आणि तिच्यासमोर इतरांना तसे म्हणूही देऊ नका.

पाचवा भाग लांबणीवर टाकण्याचे कारण त्यातील आणखी एक मृत्यू एवढेच नाही. तो सर्वांत लांब भाग आहे, हॅरी त्यात बहुतेक वेळ चिडलेला असतो, आणि मोठी माणसे खरे बोलणाऱ्या मुलाला खोटारडे ठरवतात. उंब्रिज नावाच्या शिक्षिका गुलाबी कपड्यांत, गोड आवाजात, मुलाला ‘मी खोटे बोलणार नाही’ असे लिहायला लावतात, आणि त्या लेखणीची शाई म्हणजे त्याच्याच हाताचे रक्त असते. व्होल्डेमॉर्टपेक्षा मुलांना या बाईंचा अधिक राग येतो, कारण व्होल्डेमॉर्ट कोणी पाहिलेला नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर या पात्रावर उत्तम चर्चा होते. दहाव्या वर्षी नुसती घुसमट होते.

त्याच पाचव्या भागात थेस्ट्रल नावाचे प्राणी येतात : हाडांचा सापळा दिसावा असे काळे, पंख असलेले घोडे, जे शाळेच्या गाड्या ओढतात. ज्याने कोणाला मरताना पाहिले आहे, त्यालाच ते दिसतात. चार वर्षे हॅरीला वाटत असते की गाड्या आपोआप चालतात. सेड्रिकनंतर त्याला घोडे दिसू लागतात आणि आपल्याला वेड लागले की काय, अशी शंका त्याला येते. तेव्हा ल्यूना लव्हगुड ही एकटी, सर्वांनी चेष्टेचा विषय केलेली मुलगी त्याला सांगते की मलाही ते दिसतात. तिची आई ती नऊ वर्षांची असताना तिच्या डोळ्यांसमोर गेलेली आहे. 2021 नंतर माझा वर्ग पुन्हा भरू लागला, तेव्हा हे प्रकरण वाचून झाल्यावर एक मुलगा बराच वेळ पुस्तकाचा कोपरा दुमडत आणि सरळ करत बसला होता. मग त्याने विचारले, “मॅडम, व्हिडिओ कॉलवर पाहिलं असेल तर ते घोडे दिसतात का?” त्याची आजी कोविडमध्ये रुग्णालयात वारली होती. मी त्याला म्हणाले, “हो, दिसतात.” त्यावर त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “मलापण दिसतील मग,” आणि पुढचा अर्धा तास पुस्तक मिटलेले राहिले व मुले एकमेकांना आपापली माणसे कशी गेली ते सांगत राहिली. अशा बोलण्याला मुलांजवळ शब्द नव्हते. घोडे मिळाल्यावर त्यांना बोलता आले. या मालिकेविषयी माझी जी आस्था आहे, तिचे मूळ त्या शनिवारी आहे.

रामकुंडावर रोज अस्थी विसर्जनासाठी माणसे येतात, दशक्रिया होतात. आपल्या गावातील मूल शाळेच्या रिक्षातूनही ते पाहते. आपण मात्र घरात मृत्यूचा विषय निघाला की ‘तू खेळायला जा’ म्हणतो. मुलगी बाबांना जो प्रश्न विचारते आहे, त्याला ‘छे, काहीतरीच काय’ हे उत्तर देऊ नका. ‘एक दिवस सगळेच जातात, पण मला पुष्कळ वर्षे तुझ्याबरोबर राहायचे आहे आणि मी स्वतःची काळजी घेतो’ असे बाबांनी शांतपणे सांगितले, तर ते खरेही असेल आणि तिला झोपही लागेल.

पात्रांपैकी कोणाविषयी बोलावे, असे आपण विचारले आहे. बहुतेक पालक हॅरी आणि त्याचे जिवलग मित्र रॉन व हर्मायनी यांच्यापासून सुरुवात करतात. या तिघांविषयी मुले स्वतःच भरपूर बोलतात. मी नेव्हिल लाँगबॉटमपासून सुरुवात करते. तो गोलमटोल, विसराळू मुलगा आहे, त्याचा बेडूक सतत हरवतो, आणि आजी त्याला तुझ्या वडिलांची सर तुला नाही असे सारखे ऐकवते. चौथ्या भागात कळते की त्याचे आईवडील जिवंत आहेत, पण शत्रूने केलेल्या छळामुळे त्यांचे भान कायमचे हरपले आहे आणि ते आपल्या मुलालाही ओळखत नाहीत. आपल्या मुलीने हे वाचलेले आहे. तिला विचारा की वर्गात छळाचा तो शाप कोळ्यावर करून दाखवला गेला, तेव्हा नेव्हिलने बाकाची कड इतकी घट्ट का धरली होती. हा दुवा तिने स्वतः जोडला, तर तिचा चेहरा पाहण्यासारखा असेल.

पाचव्या भागात नेव्हिलचे एक दृश्य आहे, जे मला साऱ्या मालिकेत सर्वांत मोलाचे वाटते. नाताळच्या दिवशी तो आजीबरोबर रुग्णालयात आईवडिलांना भेटायला गेलेला असतो आणि योगायोगाने हॅरी व त्याचे मित्र तेथे पोहोचतात. पिकलेल्या केसांची, खंगलेली आई बिचकत येते आणि काही न बोलता नेव्हिलच्या हातावर एक वस्तू ठेवते. ते च्युइंगगमचे रिकामे वेष्टन असते. आजी थकलेल्या आवाजात सुनेला शाबासकी देते आणि नातवाला म्हणते की ते टाकून दे, आजवर तिने दिलेल्या कागदांनी तुझ्या खोलीच्या भिंती मढवता येतील. नेव्हिल निघताना ते वेष्टन हळूच खिशात घालतो. लेखिका तेथे एका शब्दाचीही टिप्पणी करत नाही. व्होल्डेमॉर्टला हरवू शकणारा मुलगा जन्माला येईल, ही भविष्यवाणी हॅरी आणि नेव्हिल या दोघांनाही लागू पडू शकत होती, हे त्याच भागाच्या शेवटी समजते; दोघांचे वाढदिवस 31 आणि 30 जुलै असे लागूनच आहेत. निवड हॅरीची झाली. ज्याची निवड झाली नाही, त्याने खिशात ते वेष्टन घेऊन सात वर्षे शाळा केली आणि शेवटी तलवार उचलली. मुलांना नायक होण्यापेक्षा नेव्हिल होणे अधिक जवळचे वाटते, कारण वर्गातील चाळीसपैकी एकोणचाळीस मुले निवड न झालेलीच असतात.

नेव्हिलबरोबर स्नेप या शिक्षकाचा विषय अपरिहार्यपणे येतो. मोठ्या झालेल्या वाचकांना स्नेप फार प्रिय आहे. त्याने हॅरीच्या आईवर आयुष्यभर प्रेम केले, तिच्या मुलाचे गुप्तपणे रक्षण केले, त्यासाठी बदनामी सोसली आणि प्राण दिले. हे सारे खरे आहे आणि ते प्रकरण वाचताना मीही प्रत्येक वेळी थांबते. तरीही माझ्या वर्गात स्नेपला थोर ठरवण्याआधी मी मुलांना तिसऱ्या भागाकडे परत नेते. तेथे मुलांना आपापली सर्वांत मोठी भीती समोर आणायची असते. ज्याच्या आईवडिलांना छळून वेडे केले गेले, त्या नेव्हिलची सर्वांत मोठी भीती कोणती निघते? त्याचे शिक्षक, प्राध्यापक स्नेप. आयुष्यभर मुलांमध्ये काम केलेल्या माणसाने हे पान विसरू नये. शूर आणि एकनिष्ठ माणूसही एका लहान मुलाच्या दृष्टीने रोजची दहशत असू शकतो, आणि त्याचे शौर्य त्या मुलाच्या खात्यात जमा होत नाही. या मतावर मुले माझ्याशी कडाडून भांडतात, आणि ते भांडण मी मोडत नाही.

दुसरा मोठा धागा रक्ताच्या शुद्धतेचा आहे. जादूगारांच्या घरात न जन्मलेल्या हर्मायनीला मालफॉय हा शाळेतील मुलगा ‘घाणेरड्या रक्ताची’ अशा अर्थाची शिवी देतो, आणि ती वर्गात सर्वांहून हुशार असली तरी तिच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलत नाही. ज्या शहरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षे चालला, त्या शहरातील मुलांना ही शिवी म्हणजे काय ते दूरच्या इंग्लंडचे उदाहरण घेऊन सांगावे लागू नये. एकदा एका मुलीने विचारले, “म्हणजे ही जातच ना?” मी होकार दिला आणि पुढच्या शनिवारी आम्ही त्या सत्याग्रहाविषयी वाचले. चौथ्या भागात घरकामाला जुंपलेल्या एल्फ जमातीचा प्रश्न येतो. हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते आणि तिचे मित्र तिला हसतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी कोणत्या कपातून चहा घेतात, हा प्रश्न त्या प्रकरणानंतर मुले घरी जाऊन विचारतात, असे मला काही पालकांनी सांगितले आहे. कोणी कौतुकाने सांगितले, कोणी तक्रार म्हणून.

येथे मालिका कमी पडते, असेही माझे स्पष्ट मत आहे. सातव्या भागात डॉबी हा मुक्त झालेला एल्फ हॅरीला वाचवताना मरतो, आणि हॅरी जादूची कांडी बाजूला ठेवून स्वतःच्या हातांनी, फावड्याने त्याची कबर खणतो. आपल्या इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे सीतेसाठी लढलेला जटायू पडला आणि रामाने स्वतः त्याचे अंत्यसंस्कार केले, अशी श्रद्धा आहे. मुलांना दोन्ही कथांतील साम्य सांगावे लागत नाही. इतके उंच गेलेले हे कथासूत्र शेवटी मात्र निसटते. युद्ध संपल्यावर, अखेरच्या प्रकरणाच्या शेवटी हॅरीच्या मनात येते की क्रीचर हा घरचा एल्फ आपल्याला सँडविच आणून देईल का. ज्याच्या दुःखाची कहाणी आपण याच भागात ऐकली, त्या क्रीचरचे काम बदललेले नाही. हर्मायनीचा प्रश्न लेखिकेने उभा केला आणि अर्ध्यावर सोडला, असे मला वाटते. त्याचप्रमाणे अकरा वर्षांच्या मुलांना टोपी घालून चार गटांत कायमचे वाटून टाकणे आणि एका गटाला जवळजवळ संपूर्णपणे वाईट ठरवणे, हेही मला पटत नाही. या मालिकेत पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत. ‘पाटील’ आडनाव दिसले की आपली मुले आनंदाने उड्या मारतात आणि मग सातही भाग शोधत राहतात, पण त्या दोघींच्या वाट्याला नृत्यसमारंभ आणि थोडे किरकोळ संवाद याहून फारसे काही येत नाही. माझ्या वर्गातील मुलांनी पद्माच्या दृष्टीने एक प्रकरण लिहून पाहिले होते. आवडत्या पुस्तकातील रिकाम्या जागा अशा भरता येतात, हे आपल्या मुलीलाही सांगा.

आता आपण आज काय करावे, ते सांगते. चौथ्या भागाचे 34 वे आणि 36 वे प्रकरण आधी आपण एकट्या वाचा, मग मुलीला जवळ घेऊन मोठ्याने वाचून दाखवा. तिने ते वेगाने आणि भीतीने वाचले असणार, त्यामुळे तिच्या ध्यानात स्मशान राहिले आहे आणि त्यानंतरचे बरेच सुटले आहे. स्मशानात व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून त्याने मारलेल्यांच्या छाया बाहेर येतात. त्यांपैकी सेड्रिकची छाया हॅरीकडे एकच मागणे मागते : माझे शरीर माझ्या आईवडिलांकडे परत घेऊन जा. हॅरीची स्वतःची आई आणि वडील छायारूपाने त्याला पळायला अवधी मिळवून देतात. पाय जखमी आहे, चहूकडून शाप सुटत आहेत, आणि हा चौदा वर्षांचा मुलगा त्याला शाळेत परत नेणाऱ्या, स्पर्धेच्या जादूच्या चषकाकडे थेट न धावता सेड्रिकच्या दिशेने धावतो. मुलीला येथे थांबवून विचारा की तो असे का करतो. ती जे उत्तर देईल, ते ऐकून घ्या; दुरुस्त करू नका.

36 व्या प्रकरणाच्या शेवटी हॅरी शाळेच्या रुग्णालयात आहे. त्याने सर्वांना सारे सांगून झाले आहे आणि अजून त्याचे डोळे कोरडे आहेत. रॉनची आई त्याच्या पलंगाशी बसलेली आहे. तो म्हणतो की सेड्रिकला चषक माझ्याबरोबर उचल असे मीच सांगितले होते. ती त्याला कुशीत घेते. आपल्याला आईने असे कधी जवळ घेतल्याचे हॅरीला आठवत नाही, असे लेखिका लिहिते. हे वाक्य आपल्या आवाजात वाचताना घाई करू नका. त्यापुढचे, 37 वे प्रकरण मुलीला आपल्याला वाचून दाखवू द्या. त्यात हॅरी स्पर्धेचे बक्षीस, हजार सोन्याची नाणी, सेड्रिकच्या आईवडिलांना देऊ करतो. ते घेत नाहीत, म्हणून तो ती रॉनच्या खोडकर जुळ्या भावांना त्यांच्या गमतीच्या वस्तूंच्या दुकानासाठी देतो आणि सांगतो की येत्या दिवसांत हसण्याची पुष्कळ गरज पडणार आहे. दिवा त्या रात्रीही लावून ठेवायचा असेल, तर ठेवू द्या.